शंकरपाळीच्या वरच्या सात रेघा

'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेचं बोधचिन्ह पहिल्या नजरेला निव्वळ नक्षी वाटतं. वर्तुळाच्या मधोमध एक उभी रेघ, तिच्या अवतीभवती सात आडव्या रेघा आणि तळाशी शंकरपाळीच्या आकाराची एक खूण. प्रत्यक्षात तो आलेख आहे. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक वैद्यकीय चाचणी. रेघ जितकी लांब तितकी त्या चाचणीच्या उत्तरातली अनिश्चितता जास्त. उभ्या रेघेचा अर्थ 'काही फरक नाही'. आडवी रेघ उभीला छेदून गेली, तर एकट्या त्या चाचणीच्या जोरावर ठाम काही बोलता येत नाही. तळाची शंकरपाळी सातही चाचण्यांचं उत्तर एकत्र करून सांगते, आणि ती उभ्या रेघेपासून स्पष्ट अंतरावर आहे.

या सात चाचण्या अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण होऊ घातलेल्या स्त्रियांना दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाच्या आहेत. हे इंजेक्शन बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हायला मदत करतं. न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हॉवी यांची पहिली चाचणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. नंतरच्या दहा वर्षांत आणखी झाल्या. पण त्या सगळ्या एकत्र मांडून पाहणारा पद्धतशीर आढावा यायला १९८९ उजाडलं. तोवर बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना हे स्वस्त इंजेक्शन किती उपयोगाचं आहे याची कल्पना नव्हती, आणि वाचू शकली असती अशी हजारो बाळं दगावली. पुरावा होता, पण विखुरलेला. तो गोळा करून नीट वाचण्याचं काम कोणी अंगावर घेतलं नव्हतं.

पद्धतशीर आढावा या लेखनप्रकाराची ही जन्मकथा. कथा खरी आहे आणि तिच्यातला संताप रास्त आहे. पण जन्मकथा नंतरच्या वाचकांच्या अपेक्षाही घडवतात. या कथेतून वाचकाच्या मनात एक चित्र पक्कं झालं: चाचण्या शोधायच्या, दर्जा तपासायचा, बेरीज करायची, खाली शंकरपाळी काढायची. इंजेक्शनाला हे चित्र चालतं. उपाय जेव्हा इंजेक्शन नसून गावातल्या बायकांनी दर महिन्याला एकत्र बसून बोलणं असतो, तेव्हा काय होतं, हा माझ्या या लेखाचा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर निष्कर्षांपेक्षा आधीच्या आराखड्यात, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये, शोधावं लागतं असं मला वाटतं.

आराखडा म्हणजे काय

पद्धतशीर आढाव्याचा आराखडा हा फारसा कोणी न वाचणारा मजकूर असतो. त्यात पुराव्याचा शोध सुरू करण्यापूर्वी लिहून ठेवायचं असतं की आपला प्रश्न नेमका काय, कोणत्या लोकसमूहाबद्दल, कोणता उपाय, तो कशाच्या तुलनेत, आणि कोणता परिणाम मोजायचा. कोणत्या प्रकारचे अभ्यास आत घ्यायचे, कोणते बाहेर ठेवायचे, आणि आत घेतलेल्यांचे गट पाडून पाहायचं असेल तर कोणते. कॉक्रेनचे आराखडे आढाव्याआधी छापले जातात. यॉर्क विद्यापीठाने २०११ साली 'प्रॉस्पेरो' नावाची नोंदवही सुरू केली, तिथे जगभरचे आराखडे नोंदवता येतात.

हे आधीच का लिहायचं? कारण उत्तर दिसल्यानंतर प्रश्न बदलण्याचा मोह सगळ्यांना होतो. आपल्याला हवी तशी शंकरपाळी येईपर्यंत एखादी गैरसोयीची चाचणी 'वेगळी' म्हणून वगळता येते, एखादी लाडकी 'तशी सारखीच' म्हणून आत ओढता येते. आराखडा हा स्वतःच्या हातांना बांधलेला दोर आहे. साहित्यसमीक्षेत आपण असा दोर कधी बांधत नाही. एखाद्या दशकातल्या कवितेविषयी लिहिताना कोणते कवी घेतले, कोणते सोडले आणि ते कोणत्या निकषावर, हे कविता वाचण्याआधी जाहीर करणारा समीक्षक मी पाहिलेला नाही. त्यामुळे या प्रकाराबद्दल मला आदर आहे, आणि पुढची टीका त्या आदरातूनच येते.

आराखड्यातला सगळ्यात अवघड शब्द 'उपाय' हा आहे. इंजेक्शनाच्या बाबतीत औषधाचं नाव, मात्रा, वेळ लिहिली की काम झालं. ऑकलंडमधलं इंजेक्शन आणि दुसऱ्या शहरातलं इंजेक्शन एकच, हे मानायला कोणाची हरकत नसते. पण 'महिला गट' असा शब्द आराखड्यात लिहिला, की आपण एक वाङ्मयीन निर्णय घेतलेला असतो: निरनिराळ्या ठिकाणी घडलेल्या निरनिराळ्या गोष्टींना एकच नाव देण्याचा.

सात गावांच्या सात गोष्टी

योगायोग असा की या दुसऱ्या गोष्टीतही सातच चाचण्या आहेत. २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये ऑड्री प्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी महिला गटांवरच्या सात चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. नेपाळ, भारत, बांगलादेश, मलावी हे चार देश, आणि मिळून सुमारे १ लाख १९ हजार जन्म. गटांची कल्पना थोडक्यात अशी: गावातलीच एक स्त्री बैठक घेते, ती परिचारिका किंवा डॉक्टर नसते. बाळंतपणात आणि त्यानंतर काय काय अडचणी येतात हे बायका एकमेकींना सांगतात, त्यांतल्या महत्त्वाच्या निवडतात, उपाय ठरवतात, ते अमलात आणतात आणि काय झालं ते पुन्हा बसून तपासतात.

पहिली चाचणी नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यातली, २००४ साली प्रसिद्ध झालेली. तिथे गट असलेल्या भागात नवजात मृत्यूंचं प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे २६.२ होतं, गट नसलेल्या भागात ३६.९. गटांनी काय केलं? कुठे पैशांचा सामाईक निधी उभा केला, कुठे बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला स्ट्रेचरची सोय केली, कुठे स्वच्छ बाळंतपणाचे संच तयार केले. प्रत्येक गटाची कृती निराळी. दुसरी महत्त्वाची चाचणी 'एकजूट' या संस्थेची, झारखंड आणि ओडिशाच्या पश्चिम सिंहभूम, सरायकेला आणि केओंझर या आदिवासीबहुल जिल्ह्यांतली. तिचे निष्कर्ष २०१० साली आले: तीन वर्षांत नवजात मृत्यूंचं प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने कमी.

आता बारकावे पाहा. बांगलादेशातल्या पहिल्या चाचणीत गटांच्या जोडीने सुईणींच्या प्रशिक्षणाचीही तपासणी चालू होती. मलावीतल्या एका चाचणीत गटांबरोबर घरोघरी सल्ला देणाऱ्या स्वयंसेविका होत्या, दुसरीत दवाखान्यांचा दर्जा सुधारण्याचा प्रयत्न. नेपाळमध्ये तुलनेसाठी घेतलेल्या भागालाही आरोग्यकेंद्रांच्या सुधारणेचा लाभ दिला होता, म्हणजे 'काहीच नाही' या बाजूलाही काहीतरी होतं. या सगळ्यांना 'महिला गट विरुद्ध गट नाही' या एका ओळीत बसवायचं, हे आराखडा लिहिणाऱ्याचं काम.

हे काम करायचे दोन मार्ग आहेत. पहिला बाह्य रूप पाहण्याचा: किती बैठका, कोणती चित्रं, बैठक घेणारीला किती दिवसांचं प्रशिक्षण. दुसरा मार्ग पेनेलोपी हॉवे, अ‍ॅलन शील आणि थेरेस रायली यांनी २००४ साली 'बीएमजे'मधल्या एका लेखात मांडला. त्यांचं म्हणणं असं की गुंतागुंतीच्या उपक्रमात सारखं ठेवायचं ते कार्य, रूप नव्हे. एका गावात माहितीचं पत्रक वाटलं आणि दुसऱ्या गावात तीच गोष्ट नाटकातून सांगितली, तर रूप बदललं पण कार्य तेच राहिलं. उलट दोन्हीकडे तेच पत्रक वाटलं आणि एका गावात कोणाला वाचताच येत नसेल, तर रूप सारखं असूनही उपक्रम सारखा नाही. भाषांतर करणाऱ्या कोणालाही हा युक्तिवाद नवा वाटणार नाही. शब्दाला शब्द ठेवून अर्थ हरवलेली भाषांतरं आपण पुरेशी वाचली आहेत.

या दृष्टीने मकवानपूरमधला स्ट्रेचर आणि सिंहभूममधली गोष्ट सांगण्याची बैठक एकाच उपक्रमाची दोन रूपं ठरतात. मग प्रश्न येतो, ते 'कार्य' नेमकं कोणतं? माहिती पोहोचणं, की बायकांना एकमेकींचा आधार मिळणं, की गावाने बाळंतपण ही एका घरापुरती बाब न मानणं? तीन उत्तरांतून तीन वेगळे आराखडे निघतील, तीन वेगळ्या ठिकाणी पुरावा शोधावा लागेल, आणि तिन्ही आपापल्या जागी पद्धतशीर असतील. म्हणून आढाव्याला यंत्र समजू नये. त्यात एक वाचन आहे, आणि ते वाचन आराखड्याच्या पहिल्या दोन पानांतच होऊन गेलेलं असतं.

मुंबईची रेघ

या सात रेघांतली एक मराठी वाचकाच्या अगदी जवळची आहे. 'स्नेहा' या मुंबईच्या संस्थेने शहरातल्या ४८ वस्त्यांमध्ये ही चाचणी केली, निम्म्या वस्त्यांत गट आणि निम्म्यांत नाहीत. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. गर्भारपणातली तपासणी, विश्रांती, आहार, दवाखान्यातलं बाळंतपण, स्तनपान, कशातच दोन बाजूंत फरक दिसला नाही. नवजात मृत्यूंचं प्रमाण तर गट असलेल्या वस्त्यांत उलट जास्त आढळलं. मृत जन्मांचं प्रमाण थोडं कमी होतं आणि दोन्ही मिळून पाहिलं तर फरक उरत नव्हता. संशोधकांनी हे सगळं जसंच्या तसं छापलं, याची नोंद व्हायला हवी. हवा तो निष्कर्ष न आलेली चाचणी कपाटात ठेवून देण्याची सवय जगभर आहे.

आता आढाव्यात या रेघेचं काय होतं? सातही चाचण्या एकत्र केल्यावर नवजात मृत्यूंत साधारण पाचव्या हिश्शाची घट दिसते. पण चाचण्यांची उत्तरं एकमेकींपासून इतकी लांब आहेत की नुसती सरासरी सांगणं दिशाभूल ठरेल. म्हणून लेखकांनी कारण शोधलं आणि ते सापडलं सहभागात. ज्या चार चाचण्यांत किमान ३० टक्के गर्भवती स्त्रिया गटांत येत होत्या, तिथे घट जवळजवळ एकतृतीयांश. जिथे सहभाग कमी, तिथे परिणाम पुसट. मुंबई या दुसऱ्या बाजूला पडते.

स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे, आणि त्याला एक भक्कम आधारही आहे. बांगलादेशातल्या पहिल्या चाचणीत १४१४ लोकसंख्येमागे एक गट होता आणि लक्षात घेण्यासारखा परिणाम दिसला नव्हता. 'एकजूट'मध्ये ४६८ लोकसंख्येमागे एक गट होता. यावरून बांगलादेशातल्या संशोधकांनी अंदाज बांधला की गट विरळ होते. त्यांनी गट वाढवून ३०९ लोकसंख्येमागे एक केला आणि पुन्हा मोजलं. २०१३ साली आलेल्या निष्कर्षात नवजात मृत्यूंत मोठी घट दिसली. आधी भाकीत आणि मग मोजणी, असा हा क्रम आहे. उत्तर दिसल्यावर गटवारी करण्यापेक्षा तो कितीतरी जास्त वजनाचा.

तरीही माझे दोन आक्षेप शिल्लक राहतात.

पहिला असा, की सहभाग हे मिलिलिटरमध्ये मोजायचं औषध नाही. बायका बैठकीला का येतात? बैठकीतून काही मिळतंय असं वाटतं म्हणून येतात. म्हणजे उपक्रम चांगला रुजला की सहभाग वाढतो. मग सहभाग हे यशाचं कारण की यशाचंच एक लक्षण? चाचणीच्या आत चिठ्ठ्या टाकून गावं निवडलेली असतात, त्यामुळे तिथली तुलना न्याय्य असते. पण जास्त सहभागाच्या चाचण्या आणि कमी सहभागाच्या चाचण्या यांची तुलना करताना ती चिठ्ठ्यांची ताकद कामाला येत नाही. सिंहभूम आणि मुंबई यांच्यात सहभागाशिवाय आणखी शंभर गोष्टींचा फरक आहे.

दुसरा आक्षेप या शंभर गोष्टींबद्दलच. मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीच दवाखान्यात होत होती. बाळाला वाचवण्याची पुढची पायरी तिथे घराच्या उंबऱ्याबाहेर होती: दवाखान्यातली गर्दी, एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे होणारी पाठवणी, नवजात विभागातली खाट. वस्तीतल्या बायका एकत्र बसून यातलं किती बदलू शकतात? सिंहभूमच्या गावात बाळंतपण घरी होत होतं; हात धुणं, नाळ स्वच्छ पात्याने कापणं, बाळाला उबेत गुंडाळणं या गोष्टी त्या बायकांच्या हातातल्या होत्या. 'सहभाग कमी म्हणून परिणाम नाही' आणि 'जागा वेगळी म्हणून परिणाम नाही' ही दोन्ही स्पष्टीकरणं मुंबईच्या रेघेला सारखीच लागू पडतात. सात रेघांमधून त्यांचा निवाडा होऊ शकत नाही. सातशे असत्या तर कदाचित झाला असता.

म्हणून आराखडा लिहितानाच दोन्ही स्पष्टीकरणं समोरासमोर ठेवली पाहिजेत, असा माझा आग्रह आहे. उपक्रम कोणत्या वाटेने बाळापर्यंत पोहोचेल असं आपण मानतो, ती वाट शब्दांत लिहावी. वाटेतली कोणती पायरी कोणत्या ठिकाणी आधीच ओलांडलेली आहे, हे लिहावं. मग मुंबईची चाचणी हा अपवाद न राहता कसोटी होते.

दाराबाहेर कोण

आराखडा आणखी एक निर्णय घेतो, आणि तो सहसा एकाच ओळीत असतो: फक्त यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्याच घेतल्या जातील.

ही ओळ लिहिली की गडचिरोली बाहेर राहते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा घरोघरी नवजात बालसेवेचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरी जाऊन बाळाची काळजी आणि जंतुसंसर्गावर उपचार, आणि ४७ गावं तुलनेसाठी. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी. पण कोणती गावं कोणत्या बाजूला, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं.

ती ओळ चूक आहे असं मी म्हणणार नाही. चिठ्ठ्या न टाकता निवडलेल्या गावांत आधीपासून काही वेगळं असू शकतं, ही शंका खरी आहे. पण गुंतागुंतीच्या उपक्रमांत या ओळीची किंमत इंजेक्शनापेक्षा फार जास्त असते. इंजेक्शनाची कल्पना प्रयोगशाळेत जन्मते आणि चाचणीत तपासली जाते. घरोघरी बालसेवेसारखी कल्पना मात्र एका ठिकाणी, विशिष्ट माणसांच्या हातून, अनेक वर्षांत घडत जाते. तिचं सगळ्यात समृद्ध वर्णन तिच्या पहिल्या घडणीत असतं. परिणामाच्या बेरजेतून तो अभ्यास वगळायचा तर वगळावा, पण उपक्रम समजून घेण्यासाठी तो आत घ्यायला आराखड्यात दुसरं दार ठेवता येतं. तिथे मृत्यूंचा हिशोब मांडायचा नाही, 'हे कसं घडलं' एवढंच विचारायचं. आजकालच्या चांगल्या आढाव्यांत असं दार असतं. ते मागून पाडलेलं नसावं, घर बांधतानाच नकाशात असावं.

इंजेक्शनही साधं नव्हतं

आतापर्यंत मी इंजेक्शन साधं आणि गट गुंतागुंतीचे अशी विभागणी गृहीत धरली. ती किती कच्ची आहे हे दाखवणारी एक चाचणी २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. स्टेरॉइडचं तेच इंजेक्शन, ज्याच्या सात रेघा त्या बोधचिन्हात आहेत. फक्त आता ते मोठ्या रुग्णालयांऐवजी गावपातळीपर्यंत पोहोचवायचं होतं. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान, झांबिया आणि भारतात बेळगाव व नागपूर. मिळून सुमारे १ लाख जन्म. स्थानिक आरोग्यसेविका आणि सुईणींना शिकवलं गेलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची चिन्हं कशी ओळखायची, दिवस नक्की ठाऊक नसतील तर पोटाच्या वाढीवरून टेपने अंदाज कसा घ्यायचा, इंजेक्शन कसं द्यायचं आणि बाईला पुढे कसं पाठवायचं.

इंजेक्शनं पोहोचली. पण ज्या सगळ्यात लहान बाळांसाठी हा खटाटोप होता, त्यांच्यातले मृत्यू कमी झाले नाहीत. आणि सगळी बाळं मिळून पाहिल्यावर नवजात मृत्यूंचं प्रमाण दर हजारी २३.९ ऐवजी २७.४ निघालं. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त आढळली. इंजेक्शन मिळालेल्या बहुसंख्य स्त्रियांची बाळं तितकी लहान नव्हतीच. नंतर २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत चाचणी झाली. तिथे सोनोग्राफीने दिवस नक्की केले जात होते आणि लहान बाळांची काळजी घेण्याची सोय होती. त्या चाचणीत इंजेक्शनाने मृत्यू कमी झाले.

रसायन तेच. बदललं ते त्याच्या आजूबाजूचं: दिवस मोजण्याची पद्धत, मोजणारी व्यक्ती, बाळ जन्मल्यावर मिळणारी ऊब आणि ऑक्सिजन. ब्रिटिश संशोधक मार्क पेटिक्रू यांनी २०११ साली एका लेखात असा मुद्दा मांडला होता की गुंतागुंत हा उपायाचा अंगभूत गुण मानण्याऐवजी आपण कोणता प्रश्न विचारतो त्यावर ती ठरते असं मानावं. 'हे औषध फुप्फुसांवर काम करतं का' हा साधा प्रश्न. 'हे औषध बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत द्यावं का' हा गुंतागुंतीचा. त्या सात रेघांनी पहिल्याचं उत्तर दिलं होतं, आणि जगाने ते दुसऱ्याचं समजून वापरायला घेतलं. इथे चूक बेरजेत नव्हती. ते इंजेक्शन कोणत्या इमारतीत, कोणत्या माणसांच्या हाताखाली दिलं गेलं होतं, हा भाग त्या चित्रात कुठेच नव्हता.

तळटीपेचं महत्त्व

मग करायचं काय? एक उत्तर रे पॉसन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाचं आहे. सरासरी सोडा, असं तो म्हणतो. उपक्रम कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत, कोणत्या यंत्रणेमुळे चालतो ते शोधा. त्याच्या 'वास्तववादी' आढाव्यांचा माझ्यासारख्या वाचकाला मोह पडतो, कारण ते आपल्या कथानकाच्या वाचनासारखे आहेत. पण त्यांत एक धोका आहे. प्रत्येक निकालाला काही ना काही परिस्थिती चिकटवता येते. मुंबईत चाललं नाही कारण ते शहर. मलावीत चाललं कारण ते मलावी. सगळ्याचं स्पष्टीकरण देणारा सिद्धान्त कुठेच अडकत नाही, म्हणून त्याच्यावर विसंबताही येत नाही. दोर सोडून दिला की आपण पुन्हा आवडत्या कवींची यादी करणाऱ्या समीक्षकाच्या जागी येतो.

मला जास्त जवळचा वाटतो तो पुण्यातला एक दाखला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली संहिता पूर्ण झाली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत, १९३३ साली, पाठ निवडण्याची तत्त्वं सविस्तर मांडली: कोणत्या हस्तलिखितांचे कोणते कुल, कोणाच्या साक्षीला किती वजन आणि का. पानाच्या वरच्या भागात निवडलेला पाठ, आणि खाली, त्याच पानावर, नाकारलेले पाठभेद. मोठे प्रक्षेप परिशिष्टात. संपादकाचा निर्णय ज्याला पटणार नाही, त्याला त्याच पानावरून उलट निर्णय करता येतो. म्हणून या आवृत्तीशी वाद घालणारे अभ्यासकही तीच आवृत्ती वापरतात.

शंकरपाळी म्हणजे वरचा पाठ. पाठभेद मात्र बहुतेक आढाव्यांत पुरवणी फायलीत जातात, आणि तिथून वाचकाच्या नजरेआड. चांगल्या नियोजनाची माझी कसोटी हीच आहे: आराखडा लिहितानाच तळटीपेची जागा आखलेली आहे का? प्रत्येक रेघेशेजारी किती लोकसंख्येमागे एक गट होता, बैठक कोण घेत होतं, तुलनेच्या भागाला काय मिळत होतं, बाळंतपणं कुठे होत होती, हे चार रकाने आधीच ठरवलेले असतील तर सरासरी कितीही ठळक छापा. ते नसतील तर शंकरपाळी कितीही नेमकी असली तरी ती कशाची हे कळत नाही.

हा वाद केवळ पद्धतीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली ग्रामीण भागासाठी महिला गटांची शिफारस केली. आपल्याकडे 'आशा' कार्यकर्तीमार्फत असे गट चालवता येतील का, हे झारखंड आणि ओडिशाच्या पाच जिल्ह्यांत तपासलं गेलं आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक होते. यापुढचं काम शासकीय फायलींचं. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते तसा मजकूर आटत जातो. 'महिला गटांनी नवजात मृत्यू कमी होतात' एवढं वाक्य टिकतं. 'किती लोकसंख्येमागे एक गट' हा रकाना गळतो. मग एका 'आशा'च्या वाट्याला दुप्पट वस्ती येते, बैठकांचा आकडा अहवालात पूर्ण भरतो, आणि ज्या गर्भवतीने यायला हवं होतं ती कधी आलीच नाही हे कोणी विचारत नाही. पाच वर्षांनी कोणीतरी मोजतं, परिणाम दिसत नाही, आणि गट बंद होतात.

तसं झालं तर दोष बायकांचा धरला जाईल, फार तर 'आशा'चा. जो रकाना आराखड्यात आखायचा राहून गेला, त्याचं नाव कोणी घेणार नाही.